मृदंग-तबला शाळेंत आले तेव्हां

कल्याण मागें टाकून कर्जतकडे जाणारी आगगाडी उल्हासनगर व अंबरनाथ ओलांडून बदलापूरच्या स्टेशनांत येते. या स्टेशनाभोंवतीं वसलेलें गांव तें कुळगांव. येथील एखाद्या चाळींतून किंवा नव्या इमारतींतून दिवेलागणीच्या सुमारास तबल्याचा आवाज ऐकूं येणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. शिकणाऱ्या मुलापुढें एक वही उघडी असते. तींत सोळा घरें आंखलेलीं असतात. घरांत बोल, वर मात्रांचे आंकडे आणि खालीं टाळीच्या व खालीच्या खुणा. परीक्षकापुढें बसण्यापूर्वीं त्याला हें सारें तोंडपाठ करावें लागतें. मुलाला वाटतें, आणि पुष्कळदां त्याच्या आईवडिलांनाहि वाटतें, कीं ही वही आपल्या संगीताइतकीच जुनी आहे.

वस्तुस्थिति तशी नाहीं. ताल जुने आहेत. वही मात्र सव्वाशें वर्षांच्या आंतली आहे. ज्यांनीं ती प्रथम नेटकेपणानें आंखली, ते एक महाराष्ट्रीय गृहस्थ होते, आणि त्यांचें हें काम महाराष्ट्रांत नव्हे, तर लाहोरांत झालें. त्यांचें नांव गुरुदेव पटवर्धन. हातानें शिकावयाची विद्या वर्गांत आणि कागदावर आणणें ही गोष्ट दिसते तितकी साधी नव्हती. तींत कांहीं मिळालें, कांहीं हरवलें, आणि कोणाकोणाला दार उघडलें गेलें, हा या इतिहासांतील महत्त्वाचा भाग आहे.

प्रथम पूर्वीची रीत पाहिली पाहिजे. महाराष्ट्रांत मृदंगाचें घर म्हणजे देऊळ आणि कीर्तन. वारकऱ्यांच्या भजनांत आणि हरिदासांच्या मागें मृदंग पिढ्यान्‌पिढ्या वाजत आला. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे याच परंपरेंतून पुढें आले. इंदूरच्या होळकर दरबारीं त्यांनीं आपली स्वतंत्र वादनशैली घडविली, आणि त्यांच्या शिष्यांनीं ती इंदूरपासून हैदराबादपर्यंत नेली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ऐन वेळीं ओली कणीक लावावयाची, उजव्या तोंडाची शाई जपावयाची, आणि उघड्या पंजाची थाप भरदार उमटवावयाची, हें सारें शिष्य गुरूजवळ बसून डोळ्यांनीं आणि कानांनीं टिपीत असे.

तबल्याचें घर निराळें. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब हीं त्याचीं प्रसिद्ध सहा घराणीं. तेथें विद्या उस्तादांच्या घरीं नांदत असे. शिष्यानें गंडा बांधावयाचा, सेवा करावयाची, आणि उस्ताद प्रसन्न होतील तेव्हां एखादा कायदा किंवा एखादी गत पदरीं पडावयाची. बोल आधीं मुखानें म्हणावयाचा आणि मग बोटांत उतरवावयाचा. कागदाचा संबंध फारसा येत नसे. या रीतीचा मोठा गुण असा, कीं शिष्याचें बोट चाटेवरून रेसभर सरकलें तरी तें गुरूच्या कानाला तत्काळ समजे. दोषहि तितकाच मोठा होता. ज्याला गुरु मिळाला नाहीं, किंवा मिळूनहि ज्याच्यावर त्याची मर्जी बसली नाहीं, त्याची वाट तेथेंच खुंटे. शिवाय तबला हा बैठकींतल्या व कोठ्यावरच्या गाण्याचा सोबती. त्यामुळें पांढरपेशा घरांत मुलानें तबल्याला हात लावणें शोभत नसे, आणि ‘तबलजी’ हा शब्द आदरानें क्वचितच उच्चारला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगीताच्या शाळा निघूं लागल्या. कलकत्त्यास सौरींद्रमोहन टागोर यांनीं १८७१ मध्यें संगीताची शाळा काढली. पुण्यास १८७४ मध्यें गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ मध्यें सुरू झाली. मौलाबक्ष हे स्वतः मोठे कलावंत, आणि स्वरलेखनाचा प्रयोग त्यांनीं कळकळीनें चालविला होता. परंतु बडोद्याच्या शाळेमागें संस्थानची तिजोरी होती. राजाश्रयावांचून, केवळ लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर संगीताचें विद्यालय चालेल काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचें उत्तर विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं दिलें. त्यांचा जन्म १८७२ मध्यें कुरुंदवाड येथें झाला. लहानपणीं शोभेच्या दारूनें डोळ्यांस इजा होऊन त्यांची दृष्टि अधू झाली, आणि शाळेचें शिक्षण सुटलें. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं त्यांनीं ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली. १८९६ मध्यें मिरज सोडून ते फिरत फिरत उत्तरेकडे गेले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरांत त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. महाविद्यालय हें नांवच पुरेसें बोलकें होतें. संगीत ही इतर विद्यांच्या पंक्तीला बसणारी विद्या आहे, तिला वर्ग हवे, पाठ्यपुस्तकें हवींत, परीक्षा हव्यात, आणि शिकविणारा मनुष्य समाजांत ताठ मानेनें वावरला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या विद्यालयाच्या आरंभापासून १९०८ पर्यंत गुरुदेव पटवर्धन हे त्याचे उपप्राचार्य होते. गाण्याच्या शाळेंत हें पद एका मृदंग-तबला जाणणाऱ्या मनुष्याकडे असावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. बैठकींत साथीदाराचें स्थान गवयाच्या मागें. बिदागीहि त्या मानानेंच. येथें मात्र तालाचा शिक्षक संस्थेच्या कारभारांत दुसऱ्या स्थानीं बसला.

शाळा म्हटली कीं शिक्षकापुढें ज्या अडचणी उभ्या राहतात, त्या वादकाच्या बाबतींत दुप्पट होतात. गाण्याच्या वर्गांत वीस मुलें एकदम षड्ज लावूं शकतात. तबल्याच्या वर्गांत वीस जोड्या एकदम वाजल्या तर कोणाचें बोट कोठें पडलें हें ब्रह्मदेवालाहि कळणार नाहीं. तितक्या जोड्या असणें, त्या एका स्वरांत मिळविणें, पावसाळ्यांत उतरलेल्या पुड्या हातोडीनें पुन्हां चढविणें, हा व्याप वेगळाच. म्हणून वर्गांत आधीं हाताची टाळी आणि तोंडची पढंत येते, वाद्य नंतर. मुलांनीं मात्रा मोजीत टाळी द्यावी, बोल एका आवाजांत म्हणावे, आणि मग एकेकानें वाद्यावर बसून तेच बोल काढून दाखवावे. पण एक तास संपून दुसरा दिवस उजाडेपर्यंत मुलाच्या स्मरणांतून बोल निसटतात. गुरूच्या घरीं राहणाऱ्या शिष्याला ही अडचण नसते. आजूबाजूला विद्या सतत कानावर पडत असते. शाळेच्या मुलाला घरीं नेण्यासाठीं कांहींतरी हवें, आणि तें म्हणजे लिहिलेला बोल.

ही गरज ओळखून गुरुदेवांनीं ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हें पुस्तक लिहिलें. तें १९०३ मध्यें, म्हणजे विद्यालय निघून पुरीं तीन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं तेव्हां, प्रसिद्ध झालें. नांवावरूनच दिसतें कीं पुस्तक हिंदींत आहे. लेखक मराठी, विद्यार्थी पंजाबी, आणि उद्देश देशभर पोंचण्याचा. तेव्हां हिंदीची निवड स्वाभाविकच होती. दोन्ही वाद्यें एका पुस्तकांत घेतलीं आहेत, हीहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. लाहोर हें पंजाब घराण्याचें शहर. त्या घराण्याच्या वादनांत मृदंगाचें वजन तबल्यांत उतरलेलें दिसतें, आणि पंजाबांत डाव्या वाद्याला मृदंगाप्रमाणें कणीक लावण्याची चालहि पुष्कळ दिवस टिकून होती. दोन वाद्यांतील अंतर तेथें मुंबई-पुण्यापेक्षां कमी भासत असल्यास नवल नाहीं.

या पुस्तकाचें खरें महत्त्व त्याच्या लेखनपद्धतींत आहे. तालाचें वर्णन करणारे ग्रंथ पूर्वींहि होते. पण कोणता बोल किती काळ टिकतो, एका मात्रेंत किती अक्षरें बसतात, हें इतक्या चोखपणें त्यांत सांगितलेलें नसे. गुरुदेवांनीं लिहिलेला बोल आज एखाद्या जाणत्या वादकानें उघडून पाहिला, तर तो त्याला वाद्यावर वाजवितां येतो. हिंदुस्थानी तालवाद्यांचें इतकें नेमकें लेखन याहून जुनें उपलब्ध नाहीं, असें अभ्यासकांचें मत आहे.

अशा लेखनाचा उपयोग कसा होतो, हें नेहमींच्या त्रितालावरून समजतें. सोळा मात्रा, चार चार मात्रांचे चार विभाग. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ हा त्याचा ठेका. पहिल्या मात्रेवर सम, पांचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात बाजूला नेऊन दाखविण्याची जागा. पलुस्कर पद्धतींत समेला एकचा आंकडा, खालीला अधिकाचें चिन्ह, आणि इतर टाळ्यांना त्या त्या मात्रेचा आंकडा देतात. शिवाय प्रत्येक अक्षराखालीं त्याच्या कालाची खूण असते. भातखंडे पद्धतींत समेला फुली, खालीला शून्य, आणि टाळ्यांना दोन, तीन असे अनुक्रमांक देतात. दुसरी पद्धति लिहावयास सोपी. पहिलींत कालाचा हिशेब अधिक बारीक. आजच्या विद्यार्थ्याला बहुधा दोन्ही शिकाव्या लागतात.

पण याच त्रितालांत कागद आणि हात यांच्यामधील एक गंमत लपलेली आहे. खाली नवव्या मात्रेवर दाखवितात. तरी त्या मात्रेवर बोल ‘धा’ असतो, म्हणजे डग्ग्याचा घुमारा तेथें चालूच असतो. तो थांबतो दहाव्या मात्रेवर, आणि पुन्हां बोलूं लागतो चौदाव्यावर. टाळी धरणारा हात एका ठिकाणीं वळण दाखवितो, आणि डग्गा एक मात्रा उशिरां तें वळण घेतो. गवयाला समेची चाहूल लागते ती बव्हंशीं या घुमाऱ्याच्या जाण्या-येण्यावरून. वहींतल्या चिन्हांवर विसंबणाऱ्याच्या हें ध्यानींहि येत नाहीं. कानानें शिकणाऱ्याला तें न सांगतां कळतें. तसेंच ‘गे’ हें अक्षर कागदावर सर्वत्र सारखेंच दिसतें. पण मनगटाच्या दाबानें डग्ग्यावर जो घसारा निघतो, त्याचे शेंकडों प्रकार आहेत. चाट, लव आणि शाई यांपैकीं कोठें बोट पडावें हें पुस्तक सांगूं शकतें. किती हलकें पडावें हें नाहीं.

गुरुदेवांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ति १९३८ मध्यें त्यांचे पुतणे, प्रसिद्ध गायक विनायकराव पटवर्धन, यांनीं काढली. दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवल्या असतां तालविचाराच्या मांडणींत फार मोठे फरक दिसतात. पस्तीस वर्षांत वाद्य बदललें नव्हतें. बदलली होती ती त्याची मीमांसा. याचा अर्थ असा, कीं आज परीक्षेंत जो ‘तालशास्त्र’ म्हणून विचारला जातो, त्याचा बराचसा भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांत, अशाच वर्गखोल्यांतून हळूहळू ठरत गेला. शास्त्र आधीं झालें आणि वादन मागून आलें, अशी समजूत असेल तर ती येथें उलटी करावी लागते. वादन चालूच होतें. शिकविण्याच्या गरजेनें त्याचें शास्त्र लिहिलें गेलें.

लिहितांना कोणाचें नांव राहिलें आणि कोणाचें गळालें, हेंहि पाहिलें पाहिजे. पलुस्कर व गुरुदेव दोघेहि राष्ट्रीय बाण्याचे व हिंदु धर्मावर निष्ठा असलेले होते, आणि विद्यालयाचें वातावरणहि तसेंच होतें. प्राचीन ग्रंथांशीं नातें जोडण्याची त्यांची ओढ मोठी होती. परंतु तबल्याची प्रत्यक्ष विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली ती बव्हंशीं मुसलमान उस्तादांनीं. शाळेच्या वहींत त्यांचे कायदे आले. ते कोणत्या घरांतून आले याचा उल्लेख मात्र वेळोवेळीं राहून गेला. वर्ग मोठा करणाऱ्या संस्थेनें स्मरण लहान करूं नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

इकडे मुंबईंत त्याच काळांत उस्तादांची परंपराहि बहरली होती. मुनीर खां यांच्या शिष्यशाखेंतून अहमदजान थिरकवा आणि अमीर हुसेन खां हे दोन दिग्गज निघाले. थिरकवा खांसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळींत तबल्याला बसूं लागले, आणि महाराष्ट्रांतील सामान्य प्रेक्षकाच्या कानाला प्रथमच थोर तबल्याची गोडी लागली. विनायकराव पटवर्धनहि १९२२ ते १९३२ याच मंडळींत होते. लाहोरच्या वर्गांत वाढलेला गायक आणि घराण्याच्या तालमींत घडलेला तबलानवाज एकाच नाटक मंडळींत असावेत, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. गोव्याकडे देवळांच्या परंपरेंतून ‘लयभास्कर’ खाप्रुमामा पर्वतकर पुढें आले. एका हातानें एक ताल, दुसऱ्या हातानें दुसरा, आणि मुखानें तिसरीच लय, असा त्यांचा अधिकार होता. त्यांचें १९५३ मध्यें निधन झालें. कोणत्याहि शाळेची वही त्यांना लागली नव्हती. तेव्हां वहीनें उत्तम वादक निर्माण केले, असें कोणी म्हणूं नये. वहीनें एक निराळीच गोष्ट केली: तिनें तालाची जाण असलेला मोठा समाज निर्माण केला.

तो समाज कसा वाढला, तें थोडक्यांत असें. १९०८ मध्यें पलुस्करांनीं मुंबईस विद्यालय काढलें. पुढें स्वतःची इमारत झाली, वाद्यांचा कारखाना व छापखाना निघाला. पण कर्जाच्या भारानें ती इमारत लिलावांत गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा देह पडला. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. विनायकरावांनीं १९३२ मध्यें पुण्यास विद्यालय सुरू केलें. इमारत गेली, तरी अभ्यासक्रम राहिला. आणि अभ्यासक्रमाला इमारत लागत नाहीं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या ठरल्या, आणि गांवोगांवच्या छोट्या वर्गांतून मुलें त्या चढूं लागलीं. कल्याणचा गायन समाज १९२६ चा. त्याच लोहमार्गावर पुढें असलेल्या कुळगांवापर्यंत तबल्याची वही पोंचली ती याच वाटेनें.

या वाटेनें जे आले, त्यांत मुलीहि होत्या, हें विशेष. ज्या वाद्याला घरांतला मुलगादेखील चोरून हात लावी, तें वाद्य पुढें मुलींनीं उघडपणें शिकावयास घेतलें. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) या पारशी विदुषींनीं तबल्याचें स्वतंत्र वादन तर केलेंच, शिवाय पखवाज व तबल्याचीं घराणीं आणि त्यांच्या परंपरा यांवर हिंदींत मोठा ग्रंथ लिहिला. त्या अमीर हुसेन खांसाहेबांपाशींहि शिकल्या होत्या. खांसाहेबांचे दुसरे शिष्य अरविंद मुळगांवकर यांनीं ‘तबला’ हा मराठी ग्रंथ १९७५ मध्यें प्रसिद्ध केला. निखिल घोष यांनीं १९५६ मध्यें मुंबईस संगीत महाभारती ही शाळा काढली आणि तालाच्या नव्या लेखनपद्धतीचा विचार मांडला. तेहि खांसाहेबांचेच शिष्य. म्हणजे ज्या घरांत कागदाला फारसें स्थान नव्हतें, त्याच घरच्या शिष्यांनीं पुढें लेखणी हातीं घेतली. शाळा आणि घराणें यांमधील भिंत अशी दोन्ही बाजूंनीं खचत गेली.

शाळेनें आणखी एक गोष्ट दिली, आणि ती म्हणजे समूहांत वाजविण्याची संवय. १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानांत अल्लाउद्दीन खां यांनीं अनाथ मुलांना हातीं धरून वाद्यवृंद उभा केला, तो या बाबतींत आदर्श ठरला. आजहि विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत तालवाद्यांची आणि वाद्यवृंदाची स्पर्धा असते, आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी त्यासाठीं महिनेच्या महिने तालमी करतात. एकट्यानें परीक्षेची तयारी करणारा मुलगा आपला हात किती जलद चालतो इकडे पाहतो. वृंदांत बसला कीं त्याला प्रथम कळतें, कीं जलद हातापेक्षां स्थिर ठेका दुर्मिळ आहे. सतार पुढें धांवते, गाणारा समेला रेंगाळतो, ढोलकीवाला रंगांत येतो. या साऱ्यांना एका लयींत बांधून ठेवणें, आणि तें करीत असतां आपला आवाज इतरांवर चढूं न देणें, हें तालवाद्याचें मूळ कर्तव्य. दुसऱ्याचें ऐकतां ऐकतां वाजविण्याची ही विद्या गुरूच्या घरीं सहवासानें येई. महाविद्यालयांत ती सोबत्यांच्या संगतीनें येते.

गुरुदेव पटवर्धनांचें नांव मात्र या सर्व विस्तारांत मागें पडलें. त्यांच्या पुस्तकाकडे जवळजवळ शंभर वर्षें कोणाचें विशेष लक्ष गेलें नाहीं. २००६ मध्यें जेम्स किपेन या अभ्यासकांनीं त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर व चिकित्सा प्रसिद्ध केली, तेव्हां त्याची थोरवी विद्वानांच्या नजरेस आली. हे किपेन केवळ ग्रंथालयांत बसून वाचणारे नव्हेत. लखनौस आफाक हुसेन खांसाहेबांपाशीं त्यांनीं स्वतः तबल्याची तालीम घेतलेली होती. उस्तादाच्या घरीं तयार झालेल्या हातालाच शाळेच्या या जुन्या पुस्तकांतील अक्षरें पुन्हां बोलतीं करतां आलीं. कुळगांवच्या मुलानें आपली वही जरूर आंखावी, परीक्षाहि द्यावी. पण त्या वहींतील नवव्या मात्रेवर खालीची खूण करतांना डग्गा तेथें काय बोलतो, तें एकदां कान देऊन ऐकावें.